‘सिंगल लँग्वेज’ लॅपटॉप आणि दोन भाषांचे घर

पीयूसीचे आणि सीईटीचे निकाल लागले की बेळगाव-निपाणीच्या संगणक दुकानांत पालकांची वर्दळ सुरू होते. मुलगा इंजिनिअरिंगला जाणार, मुलगी बी.कॉम. किंवा बी.सी.ए. करणार, म्हणजे लॅपटॉप आलाच. पेरणीच्या तोंडावर, खत-बियाण्याच्या खर्चातून पैसे बाजूला काढून ही खरेदी होते. त्यामुळे चार-पाच हजार रुपये इकडचे तिकडे झाले तरी ते घराला जाणवतात.

अशा वेळी पालक महाविद्यालयात येऊन एक प्रश्न हमखास विचारतात. ‘सर, बिलावर विंडोज ११ होम सिंगल लँग्वेज असे लिहिले आहे. सिंगल लँग्वेज म्हणजे एकच भाषा ना? आमच्या घरी तर मराठी बोलतात, मुले शाळेत कन्नड शिकली. दोन्ही भाषांत लिहायचे तर प्रो घ्यावे लागेल, असे कोणी तरी सांगितले. खरे आहे का?’

वाचकहो, उत्तर आधीच सांगून टाकतो. खरे नाही. ‘सिंगल लँग्वेज’ लिहिलेल्या लॅपटॉपवर मराठीत लिहिता येते, कन्नडमध्ये लिहिता येते आणि एकाच पानावर दोन्ही भाषांत लिहिता येते. त्यासाठी जादा एक रुपयाही लागत नाही. मग ही पाटी नेमके काय सांगते, आणि होम, प्रो, एज्युकेशन अशा नावांत खरा फरक किती, हे आज जरा सविस्तर पाहू.

पिढी वेगळी, प्रकार वेगळा

घोटाळ्याचे मूळ आपल्या एका शब्दात आहे. ‘आवृत्ती’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो, आणि कन्नडमध्येही हाच शब्द याच कामाला येतो. विंडोज ७, विंडोज १०, विंडोज ११ यांनाही आवृत्ती म्हणायचे आणि होम, प्रो यांनाही आवृत्तीच म्हणायचे. वस्तुतः या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सोयीसाठी पहिलीला ‘पिढी’ म्हणू आणि दुसरीला ‘प्रकार’.

पिढी म्हणजे यंत्रणा कोणत्या काळात बनली ते. प्रकार म्हणजे त्याच यंत्रणेतल्या किती सोयी आपल्यासाठी उघड्या ठेवल्या ते. बसस्थानकावर साधी गाडी लागते आणि राजहंसही लागते. रस्ता तोच, पोहोचायचे गाव तेच. राजहंसमध्ये बैठक ऐसपैस असते, तिकीट जास्त असते. पण ब्रेक दोन्ही गाड्यांना सारखेच असावे लागतात. होम आणि प्रो यांचे तसेच आहे. व्हायरसपासून संरक्षण देणारे डिफेंडर दोन्हींत एकच आणि सुरक्षेच्या दुरुस्त्याही दोन्हींना मिळतात. गाडी किती जुनी आहे, तिची देखभाल अजून चालू आहे की थांबली, हा मात्र पिढीचा प्रश्न. तो प्रकाराच्या प्रश्नापेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे. त्याकडे पुढे वळू.

थोडा मागोवा

विंडोज एक्सपी २००१च्या ऑक्टोबरमध्ये बाजारात आली तेव्हा सामान्य ग्राहकापुढे मुख्यतः दोन प्रकार होते, होम आणि प्रोफेशनल. कन्नड लिपीची सोय याच पिढीपासून आली. देवनागरीची त्याआधी विंडोज २०००मध्ये आली होती. देवनागरीसाठी ‘मंगल’ आणि कन्नडसाठी ‘तुंगा’ हे फाँट एक्सपीत होते, पण ते आपोआप कामाला लागत नसत. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन भारतीय लिप्यांची खूण करायची, मग मूळ सीडी घालायची, मग संगणक पुन्हा सुरू करायचा, एवढे सोपस्कार होते. सीडी हाताशी नसली की काम अडलेच.

त्यामुळे आपल्या भागात वेगळ्या सॉफ्टवेअरवर भर राहिला. सरकारी कन्नड कामाला कन्नड गणक परिषदेचे ‘नुडी’, मराठी छपाईला ‘श्रीलिपी’ किंवा ‘आकृती’, आणि घरी शेषाद्रिवासू चंद्रशेखरन यांचे ‘बरह’. बरहमध्ये कन्नड आणि देवनागरी दोन्ही टंकता येत, म्हणून सीमाभागातल्या कित्येक लग्नपत्रिका आणि अर्ज त्यावर झाले.

२००५मध्ये भारतात एक्सपीची हिंदी ‘स्टार्टर’ आली. स्वस्त संगणकाबरोबर मिळणारा हा प्रकार होता आणि त्यात एका वेळी तीनच प्रोग्रॅम उघडता येत. चौथा उघडायचा तर आधीचा एक बंद करा! २००७च्या आरंभी ग्राहकांसाठी आलेल्या व्हिस्टाने तर प्रकारांची रांगच लावली. स्टार्टर, होम बेसिक, होम प्रीमियम, बिझनेस, एंटरप्राइज आणि अल्टिमेट. २००९मध्ये विंडोज ७ आली. तिच्या स्टार्टरमध्ये तीन प्रोग्रॅमची अट गेली, पण पडद्यामागचे चित्र बदलायची सोय नव्हती. छोट्या नेटबुकवर हौसेने घरच्या बाळाचा फोटो लावायला गेलेल्या कितीतरी जणांना हे तेव्हा कळले.

भाषेचा प्रश्नही त्या काळी प्रकाराशी बांधलेला होता. जर्मन, फ्रेंच अशा भाषांचे पूर्ण पॅक फक्त अल्टिमेट आणि एंटरप्राइजवर चढत. मराठी, कन्नड अशा भाषांसाठी मायक्रोसॉफ्टने ‘लँग्वेज इंटरफेस पॅक’ नावाचे हलके, मोफत पॅक काढले होते. मूळ इंग्रजी विंडोजवर ते चढवले की मेनूतले बरेचसे शब्द आपल्या भाषेत दिसत आणि उरलेले इंग्रजीतच राहत.

२०१२मध्ये विंडोज ८ आली आणि चित्र पालटले. भाषा-पॅक साध्या प्रकारालाही खुले झाले. मात्र त्याच वेळी भारतासारख्या बाजारपेठांत नव्या लॅपटॉपबरोबर देण्यासाठी एक प्रकार निघाला. तोच हा ‘सिंगल लँग्वेज’. विंडोज १० आणि ११मध्येही तो चालू राहिला आणि आज आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या पुष्कळ लॅपटॉपवर तोच असतो.

एक भाषा कशाची?

आता मुद्द्याकडे येऊ. संगणकाच्या भाषेचे दोन भाग असतात. एक, संगणक आपल्याशी कोणत्या भाषेत बोलतो. म्हणजे मेनू, सूचना, ‘फाइल’, ‘सेटिंग्ज’ हे शब्द. याला डिस्प्ले भाषा म्हणतात. दुसरा, आपण त्यावर कोणत्या भाषेत लिहितो-वाचतो.

सिंगल लँग्वेजचे बंधन फक्त पहिल्या भागाला आहे. असा लॅपटॉप इंग्रजीत सुरू केला तर त्याचे मेनू इंग्रजीतच राहतात. सेटिंग्जमध्ये दुसरी डिस्प्ले भाषा निवडायला गेलात तर तुमच्या परवान्यात एकच डिस्प्ले भाषा आहे, अशी सूचना येते. लिहिण्यावाचण्याला या बंधनाचा काडीचाही स्पर्श नाही.

सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’ उघडा, ‘लँग्वेज’ विभागात मराठी जोडा, मग कन्नड जोडा. खाली उजव्या कोपऱ्यात भाषेची खूण दिसू लागेल. विंडोजची कळ दाबून धरून स्पेसबार दाबला की भाषा बदलते. इंग्रजी, मराठी, कन्नड, पुन्हा इंग्रजी. २०१९च्या मे महिन्यातल्या सुधारणेपासून विंडोज १०मध्ये मराठी आणि कन्नडसह दहा भारतीय भाषांचे फोनेटिक कळफलक आले. रोमन अक्षरांत उच्चाराप्रमाणे टंकले की शब्द आपल्या लिपीत उमटतो. विंडोज ११मध्येही ही सोय आहे.

ज्यांना पुढे नोकरीसाठी टंकलेखन लागणार आहे त्यांनी मात्र इनस्क्रिप्ट शिकावा. भारतीय लिप्यांची वर्णमाला मुळात एकच आहे, हे ओळखून हा कळफलक आखला आहे. इंग्रजी ‘के’च्या कळीवर मराठीत ‘क’ उमटतो आणि त्याच कळीवर कन्नडचाही ‘क’ उमटतो. ‘जे’वर दोन्हीकडे ‘र’, ‘एच’वर दोन्हीकडे ‘प’. मराठीला आणि कन्नडला सारखाच जिवाभावाचा असलेला ‘ळ’ दोन्हीकडे शिफ्ट आणि ‘एन’वर आहे. कन्नडमधल्या ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ यांच्या कळा तेवढ्या वेगळ्या शिकाव्या लागतात. म्हणजे एक भाषा टंकायला शिकलेले मूल दुसरी जवळजवळ फुकटात शिकते. आपल्या मुलांच्या पदरात दोन लिप्या आधीपासूनच आहेत, त्याचा हा फायदा दुसऱ्या मुलखातल्या मुलांना सहसा मिळत नाही.

वाचण्याचेही तसेच. विंडोज ८पासून ‘निर्मला यूआय’ नावाचा फाँट आला. त्यात देवनागरी आणि कन्नड दोन्ही लिप्या आहेत. ज्यांची जमीन सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे, त्यांना कर्नाटकचा उतारा कन्नडमध्ये आणि महाराष्ट्राचा सातबारा मराठीत, एकाच होम लॅपटॉपवर स्वच्छ वाचता येतो. त्यासाठी प्रो नको, अल्टिमेट नको.

जुन्या फायलींबाबत एक खुलासा. नुडी, श्रीलिपी किंवा ‘शिवाजी’सारख्या जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेली फाइल नव्या लॅपटॉपवर उघडली की भलतीच अक्षरे दिसतात. हा दोष होमचा नाही आणि प्रो घेऊन तो जाणारही नाही. एकतर तो फाँट बसवावा लागतो, नाहीतर फाइल युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागते. वडिलांनी टंकून ठेवलेली घराण्याची वंशावळ किंवा आजीची ओव्यांची वही अशा फायलींत अडकली असेल, तर हे रूपांतर आताच करून ठेवा. तो फाँट असलेला जुना संगणक एकदा भंगारात गेला की काम दुप्पट कठीण होते.

मग सिंगल लँग्वेजने काहीच बिघडत नाही का? एका परिस्थितीत बिघडते. साध्या होममध्ये एकाच लॅपटॉपवर दोन खाती काढून प्रत्येकाला वेगळी डिस्प्ले भाषा देता येते. आजोबांच्या खात्यात मेनू मराठीत, नातीच्या खात्यात कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत. सिंगल लँग्वेजमध्ये हे जमत नाही. ज्या घरात इंग्रजी अजिबात न वाचणारी वडीलधारी मंडळी संगणक वापरणार आहेत, तिथे या गोष्टीला मोल आहे. अशांनी खरेदीपूर्वीच सिंगल लँग्वेज नसलेले मॉडेल विचारावे. नंतर सुटका हवी तर प्रोचा परवाना घ्यावा लागतो. बाकीच्यांनी या पाटीने घाबरून जाऊ नये.

प्रो कोणाला लागते?

प्रोमध्ये जादा काय मिळते ते पाहू. कार्यालयाच्या मुख्य सर्व्हरला, म्हणजे डोमेनला, संगणक जोडता येतो. ग्रुप पॉलिसी वापरून अनेक संगणकांना एकदम नियम लावता येतात. बिटलॉकर हे कुलूप हवे तसे हाताळता येते. हायपर-व्ही मिळते, म्हणजे एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक चालवता येतो. आणि रिमोट डेस्कटॉपने आपल्या संगणकात दुसरीकडून शिरता येते.

उदाहरण घेऊ. निपाणीत तंबाखूची वखार आहे, हिशेब वखारीतल्या संगणकावर आहे आणि मालकाला रात्री घरून तो पाहायचा आहे. विंडोजचे स्वतःचे रिमोट डेस्कटॉप वापरायचे तर वखारीतल्या संगणकावर प्रो हवे. घरच्या लॅपटॉपवर होम असले तरी चालते. हा व्यवहार रोजचा असेल तर प्रोचे पैसे वसूल होतात. इतर कंपन्यांच्या सॉफ्टवेअरने होमवरही असे काम भागते. मात्र फोनवरून कोणी अनोळखी माणूस तसले सॉफ्टवेअर घ्यायला सांगू लागला, तर फोन ठेवून द्यावा. बँक खाती रिकामी करण्याची ती ठरलेली वाट आहे.

इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला प्रो लागतेच, हा समजही सोडून द्यावा. प्रोग्रॅमिंगच्या भाषा आणि आराखड्यांची सॉफ्टवेअर होमवर चालतात. लिनक्स शिकायचे तर विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय होमवरही आहे. हायपर-व्हीच्या जागी व्हर्च्युअलबॉक्स मोफत मिळते. होमला रॅमची कमाल मर्यादा १२८ जीबी आहे. विद्यार्थ्याच्या लॅपटॉपमध्ये ८ किंवा १६ जीबी असते, तेव्हा त्या मर्यादेची चिंता कशाला? प्रोच्या फरकाच्या पैशांत रॅम वाढवून घेतली तर मुलाला तिचा रोज उपयोग होईल.

‘एज्युकेशन’ नावाने फसू नका. तो प्रकार शिक्षणसंस्थांना एकगठ्ठा परवान्याने मिळतो, दुकानातून विद्यार्थ्याला सुटा विकण्यासाठी नाही. ‘एस मोड’ हा तर वेगळा प्रकारही नाही. त्यात फक्त मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधलीच सॉफ्टवेअर चढतात. त्यातून मोफत बाहेर पडता येते, पण परत जाता येत नाही. नवा लॅपटॉप बाहेरची सॉफ्टवेअर घेत नसेल तर बिघाड समजण्याआधी हे तपासा.

खरी काळजी कशाची घ्यावी?

होम की प्रो यावर तासभर घालवणारे ग्राहक तीन गोष्टी विचारायला विसरतात. नुकसान होते ते या तीन गोष्टींतून.

पहिली गोष्ट पिढीची. एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ला थांबली, विंडोज ७ची १४ जानेवारी २०२०ला आणि विंडोज १०ची सर्वसाधारण सेवा १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. विंडोज १०च्या घरगुती ग्राहकांसाठी, नोंदणी करणाऱ्यांना, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतची मुदतवाढ जाहीर झाली. देखभाल थांबली म्हणजे संगणक बंद पडत नाही. तो चालतो, पण नवी सापडलेली भगदाडे कोणी बुजवत नाही. म्हणून विंडोज १० प्रोपेक्षा विंडोज ११ होम केव्हाही बरे. जुना लॅपटॉप विकत घेताना याकडे विशेष लक्ष द्या. विंडोज ११साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय, किमान ४ जीबी रॅम आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा लागतो. स्वस्तात मिळालेला त्याआधीचा लॅपटॉप अधिकृतपणे पुढच्या पिढीत जात नाही. असे यंत्र घरात असेलच तर त्यावर उबंटूसारखे मोफत लिनक्स घालावे. त्यातही मराठी आणि कन्नड लिहिता येते.

दुसरी गोष्ट परवान्याची. लॅपटॉपबरोबर आलेला परवाना त्या यंत्राशी जखडलेला असतो, दुसऱ्यावर नेता येत नाही. सुटा, पूर्ण किमतीचा परवाना नव्या यंत्रावर नेता येतो. आणि काहीशे रुपयांत ‘प्रो करून देतो’ म्हणून जी चावी मिळते, ती बहुधा कोणत्या तरी संस्थेच्या एकगठ्ठा परवान्यातली असते. आज चालते, उद्या रद्द होते आणि पैसे परत मागायला बिल नसते.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक आणि कमी माहितीची. विंडोज ११च्या होममध्येही पुष्कळ लॅपटॉपची डिस्क आपोआप कुलूपबंद होते. २०२४च्या २४एच२ या सुधारणेपासून तर हे अधिकच होऊ लागले आहे. या कुलपाची ४८ अंकी किल्ली, ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला त्या खात्यात जमा होते. आता विचार करा. दुकानात घाई असते, ग्राहकाला आपला ई-मेल आठवत नसतो. मग काउंटरवरचा मुलगा स्वतःच्याच खात्याने लॅपटॉप सुरू करून देतो. त्याच्या मनात काही वाईट नसते. पण आपल्या घराची किल्ली त्याच्या खात्यात राहते. दोन वर्षांनी मदरबोर्ड बदलला, संगणकाने किल्ली मागितली आणि तो मुलगा नोकरी सोडून पुण्याला गेलेला असला, तर बारशाचे फोटो, प्रबंधाचा मजकूर, सारे आत अडकते. तिथे प्रो असो वा होम, कोणी काही करू शकत नाही. म्हणून लॅपटॉप घरातल्या माणसाच्या खात्यानेच सुरू करा आणि ती किल्ली कागदावर उतरवून घराच्या कागदपत्रांत ठेवा.

दुकानात जाताना

एवढे प्रश्न चिठ्ठीवर लिहून न्या.

१. यात विंडोज ११ आहे ना? होम, होम सिंगल लँग्वेज की प्रो?
२. विंडोजचा परवाना कारखान्यातूनच आला आहे की इथे घातला जाणार? बिलावर तसे लिहून द्याल का?
३. एमएस ऑफिस सोबत आहे का? असल्यास कायमचे की वर्षापुरते? (विंडोज आणि ऑफिस या दोन निराळ्या खरेद्या आहेत.)
४. एस मोड आहे का?
५. पहिल्यांदा सुरू करताना आमचेच खाते वापराल ना?

घरी असलेल्या संगणकावर कोणता प्रकार आहे हे पाहायचे तर विंडोजची कळ आणि ‘आर’ एकत्र दाबा, चौकटीत इंग्रजीत ‘विनव्हर’ लिहा आणि एंटर करा. पिढी आणि प्रकार दोन्ही समोर येतील.

खोक्यावर ‘सिंगल लँग्वेज’ छापणाऱ्यांनी त्यांच्या परवान्याची मर्यादा सांगितली आहे, आपल्या घराची नव्हे. लॅपटॉप आणलात की पहिल्याच दिवशी मराठी आणि कन्नड दोन्ही कळफलक जोडून घ्या आणि मुलांकडून दोन्ही भाषांत घरातल्या सगळ्यांची नावे टंकून घ्या. सराव तिथून सुरू होऊ दे.